फोनवर कळलेली बातमी आणि वाचनकक्षातले वृत्तपत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या एका ग्रंथपाल भगिनींनी कळवले आहे की, त्यांच्याकडील विद्यार्थी बहुतेक माहिती मोबाइलवर घेतात आणि वाचनकक्षातील वृत्तपत्रे दुपारपर्यंत घडी न मोडता पडून राहतात. त्यामुळे दहापैकी सात वृत्तपत्रे बंद करून त्या पैशातून एक मोठा स्क्रीन लावावा, असा प्रस्ताव ग्रंथालय समितीपुढे आला आहे. विद्यार्थी माहितीसाठी नेमके कशाचा आधार घेतात आणि समितीला काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगलीतच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षे काम केले आहे, म्हणून पाहिलेल्या गोष्टींवरून उत्तर देतो. वृत्तपत्रांची संख्या कमी करायला माझी हरकत नाही. मात्र आपल्या जिल्ह्याच्या आवृत्तीला हात लावू नये, आणि जुने अंक दर दोन-तीन महिन्यांनी रद्दीत देण्याची जी पद्धत आपण सर्वांनी पाडून घेतली आहे, ती आधी थांबवावी. विद्यार्थ्याला काहीतरी घडले हे फोनवर कळते. ते कुठे घडले, कोणी सांगितले आणि पुढे त्याचे काय झाले, हे त्याला वृत्तपत्रात सापडते, आणि यातला ‘पुढे काय झाले’ हा भाग केवळ आजच्या अंकात मिळत नाही, त्यासाठी मागचे अंक लागतात. तेच आपण रद्दीवाल्याला देतो आणि मग विद्यार्थी वृत्तपत्रांकडे येत नाहीत म्हणतो.

‘समाजमाध्यम’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, तिथूनच गल्लत सुरू होते. जत किंवा आटपाडीहून आलेल्या मुलाच्या फोनवर वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतो, गावाचा असतो, भावकीचा असतो आणि वसतिगृहातल्या खोलीचाही असतो. भरतीच्या जाहिराती आणि प्रश्नसंच तो टेलिग्रामवर घेतो, चालू घडामोडी यूट्यूबवर ऐकतो, आणि इन्स्टाग्रामवर जे समोर येईल ते बघतो. या प्रत्येक ठिकाणी त्याचा विश्वास वेगवेगळा असतो. वर्गाच्या गटात सीआरने, म्हणजे वर्गप्रतिनिधीने, टाकलेला निरोप तो लगेच खरा धरतो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. अनोळखी रीलवर तो तेवढा विश्वास ठेवत नाही. सर्वांत जास्त विश्वास तो गावाच्या गटावर ठेवतो, कारण तिथे संदेश पाठवणारा माणूस ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसाने पुढे ढकललेला निरोप त्या माणसाचा स्वतःचा नसतो, ही साधी गोष्ट मात्र मुलांना कोणी सांगितलेली नसते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला, आणि पुढच्या दोन शैक्षणिक वर्षांत आमच्या वाचनकक्षाची सकाळ पालटली. त्याआधी पेपर येण्याची वाट पाहत मुले दारात उभी असायची. आमचे परिचर, ज्यांना सगळे विद्यार्थी मामा म्हणतात, अंकांवर शिक्का मारून रजिस्टरला नोंद करेपर्यंत मुलांना धीर नसे, आणि क्रीडा पान तर बऱ्याचदा शिक्क्याविनाच निघून जाई. आता धावसंख्या रात्रीच कळलेली असते. निकाल, वेळापत्रक, हॉल तिकीट, तासिका रद्द झाल्याचा निरोप, परीक्षा अर्जाची मुदत या गोष्टींसाठी फोन वृत्तपत्रापेक्षा नक्कीच चांगला आहे, आणि ग्रंथपालाने ते मोकळेपणाने मान्य करावे. शिवाजी विद्यापीठाचे परिपत्रक संकेतस्थळावर आले की दहा मिनिटांत ते प्रत्येक गटात पोहोचते, त्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहण्यात शहाणपण नाही. फक्त परिपत्रकाच्या नावाखाली आलेल्या चित्रावर जावक क्रमांक, दिनांक आणि सही आहे का, आणि तेच परिपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसते का, एवढे पाहायला शिकवावे लागते. पावसाळ्यात ‘परीक्षा पुढे ढकलल्या’ असे बनावट पत्र आमच्याकडे एकदा तरी येतेच.

आता वाचनकक्षाकडे वळतो. वृत्तपत्राची घडी मोडलेली नाही यावरून वाचक नाहीत असे ठरवू नका. आधी स्टँड कुठे आहे ते पाहा. आमच्याकडे तो वर्षानुवर्षे प्रवेशद्वाराला लागून होता. तिथे मुलांचा घोळका उभा राहायचा आणि मुली त्या घोळक्यातून वाट काढून थेट आतल्या अभ्यासिकेत जायच्या. मुली वृत्तपत्र वाचत नाहीत, असे मीही अनेक वर्षे मानत होतो. एका उन्हाळी सुट्टीत रंगकामासाठी स्टँड हलवावा लागला, म्हणून तो आत, खिडकीजवळच्या लांब टेबलापाशी ठेवला, आणि टेबलाभोवती बसायला खुर्च्या दिल्या. जुलैमध्ये महाविद्यालय सुरू झाल्यावर त्या टेबलाशी बसणाऱ्यांत मुली जास्त दिसू लागल्या. वृत्तपत्रे तीच होती आणि मुलीही त्याच होत्या. उभ्याने वाचण्यासाठी केलेली जागा कोणासाठी सोयीची असते, हा विचार आम्ही तोवर केलाच नव्हता. आपल्याकडे स्टँड दारात असेल, तर समितीच्या बैठकीपूर्वी तो हलवून महिनाभर पाहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वाचणाऱ्यांतही सगळे सारखे नसतात. राज्यसेवेची किंवा पोलीस भरतीची तयारी करणारी मुले वही घेऊन बसतात, संपादकीय पान आणि अर्थविषयक पान वाचतात, आणि टिपणे काढतात. काहींना केवळ भरतीच्या जाहिराती हव्या असतात. शेतकऱ्यांची मुले बाजारभावाचा रकाना पाहतात. सांगलीच्या बाजार समितीतला हळदीचा भाव घरी फोन करून सांगणारी मुले मी दर हंगामात पाहतो. भावाचे आकडे आता फोनवरही येतात, तरी ‘काल राजापुरी हळदीला किमान किती, कमाल किती आणि आवक किती’ हे तिन्ही एकत्र, तारखेसकट हवे असले की पोरे पेपर उघडतात, कारण गटात येतो तो बहुधा फक्त कमाल भाव.

माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म एका छोट्या कृतीत आहे. विद्यार्थी वृत्तपत्राचा फोटो काढतो. फोन आणि वृत्तपत्र आज इथेच एकत्र येतात, आणि इथेच बातमी बिघडते. फोटो काढताना हवी ती बातमी चौकटीत घेतली जाते. वृत्तपत्राचे नाव, तारीख, आवृत्ती आणि पानाचा क्रमांक चौकटीबाहेर राहतात. मग ते कात्रण एका गटातून दुसऱ्या गटात फिरत राहते, आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, पुन्हा ताजे होऊन येते.

एका फेब्रुवारीत आटपाडी तालुक्यातली एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिला अर्ज भरण्याची घाई नव्हती, फक्त कोणती कागदपत्रे लागतात ते विचारायचे होते. मी म्हणालो, ‘अगं, आज शेवटची तारीख आहे.’ ती म्हणाली, ‘नाही सर, मुदत वाढली. पेपरातच आलंय की.’ आणि तिने फोन पुढे केला. फोटो स्वच्छ होता. दोन रकान्यांची बातमी होती, मथळा ठळक होता, ‘प्रतिनिधी’ असा उल्लेखही होता. वरचा माथा कापला गेला होता. खाली मात्र एका जाहिरातीचा वरचा तुकडा चुकून चौकटीत आला होता आणि त्यात पणतीचे चित्र व ‘दीपावलीनिमित्त’ एवढे शब्द दिसत होते. मी ते बोटाने दाखवले. ती क्षणभर पाहत राहिली आणि मग तिच्या तोंडचे पाणी पळाले. कात्रण आधीच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराचे होते, आणि नशिबाने तेवढे अंक आमच्याकडे शिल्लक असल्याने मूळ पानही सापडले. तिचा अर्ज आम्ही ग्रंथालयाच्या संगणकावरून त्याच संध्याकाळी भरला. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने त्याच फोटोवर विसंबून गाव गाठले होते, तिचा अर्ज राहिला. ती गोष्ट आजही मला टोचते. त्या मुलींनी माहितीकडे दुर्लक्ष केले नव्हते. त्यांनी वृत्तपत्रावरच विश्वास ठेवला होता, फक्त त्या वृत्तपत्राला तारीख उरली नव्हती.

तेव्हापासून आमच्या वाचनकक्षात फोटो काढण्यास मनाई नाही, पण फोटोत वृत्तपत्राचा माथा, तारीख आणि आवृत्ती आली पाहिजे, असा नियम आहे. बातमी आतल्या पानावर असेल तर पानाच्या वरची ओळ घ्यायची, तिथे तारीख आणि पानाचा क्रमांक छापलेला असतोच. आवृत्तीचा आग्रह यासाठी की एकाच वृत्तपत्राच्या सांगली, कोल्हापूर आणि पुणे आवृत्त्यांत आतली पाने वेगळी असतात. ‘मी अमुक पेपरात वाचले’ असे विद्यार्थी प्रकल्प अहवालात लिहितो, परीक्षक पुण्याच्या आवृत्तीत शोधतो, आणि बातमी मिळत नाही. हा घोळ मी अनेकदा निस्तरला आहे. अभ्यासासाठी एखाद्या बातमीचा फोटो घेणे आणि सबंध अंकाची पीडीएफ टेलिग्रामवर वाटणे यांतला फरकही याच वेळी सांगून टाकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी अभ्यास आणि संशोधनासाठी केलेल्या रास्त वापराला मुभा आहे, संपूर्ण अंकाच्या वाटपाला नाही. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हिंदी दैनिकाच्या अर्जावर ई-पेपर वाटणारी टेलिग्राम चॅनेल बंद करण्याचा आदेश दिला होता. मुलांना हे माहीत नसते, आणि काही ठिकाणी ग्रंथालयाच्या गटातच अशा पीडीएफ रोज सकाळी येतात. आपल्याकडे तसे होत असेल तर ते आधी थांबवावे.

दुसरी गोष्ट महापुराची आहे, आणि ती सांगलीकरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कृष्णेचे पाणी चढू लागले की साऱ्या शहराचे लक्ष आयर्विन पुलाकडे असते. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. त्या आठवड्यात समाजमाध्यमांनी जे काम केले ते मी कधीही कमी लेखणार नाही. कोणत्या गल्लीत माणसे अडकली आहेत, बोट कुठे आहे, दूध आणि औषधे कुठे मिळतील, हे सारे फोनवरूनच कळत होते. अर्ध्या शहरात पाणी असताना पेपर टाकणारी मुले जाणार तरी कुठे? माझ्या स्वतःच्या गल्लीत त्या दिवसांत पेपर आला नाही, आणि आम्ही शेजाऱ्यांच्या फोनवर अवलंबून राहिलो. पण त्याच फोनवर आधीच्या पुराची चित्रे ताजी म्हणून येत होती, आणि ‘आयर्विन इतके फूट’ अशी चित्रे येत होती ज्यांवर ना वेळ होती ना तारीख. पाणी तासातासाला बदलत असताना वेळ नसलेला आकडा हा आकडा नसतोच. तो वाचून एक घर उगाच सामान हलवते आणि दुसरे घर उगाच थांबते.

पाणी ओसरले आणि फोनही शांत झाला. माणसे दुसऱ्या विषयांकडे वळली. वृत्तपत्रे मात्र पंचनामे, सानुग्रह अनुदान, वाहून गेलेली जनावरे, व्यापाऱ्यांचे नुकसान आणि अलमट्टी धरणातील विसर्गाचा वाद या गोष्टी महिनोन्‌महिने छापत राहिली. राज्य सरकारने त्याच ऑगस्टमध्ये नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मे २०२० मध्ये तिचा अहवाल आला. टाळेबंदीच्या धामधुमीत आलेला तो अहवाल किती जणांच्या फोनवर पोहोचला? जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा वर्गात सगळे तावातावाने बोलत होते, पण आधीच्या समितीने काय सुचवले होते हे सांगू शकणारी मुले तीच होती जी वृत्तपत्रातून विषयाचा माग ठेवत होती.

त्याच सुमारास भूगोलाच्या एका विद्यार्थ्याने २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांची तुलना हा विषय घेतला. २०१९ आणि २०२१ चे साहित्य त्याच्याकडे भरपूर होते. २००५ मध्ये व्हॉट्सॲप जन्माला यायचे होते, ते आले २००९ मध्ये. म्हणजे २००५ च्या पुराचा दिवसागणिक वृत्तान्त जर कुठे असेल, तर तो त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या अंकांत. तो विद्यार्थी माझ्याकडे आला आणि मला त्याला सांगावे लागले की ते अंक आम्ही त्याच वर्षी रद्दीत दिले. निर्णय माझ्याच सहीने झाला होता. त्याला एका वृत्तपत्राच्या कार्यालयात चकरा माराव्या लागल्या आणि पुढे मुंबईला जावे लागले. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यात १९५६ मध्ये वृत्तपत्रांचा समावेश झाल्यापासून काही ठरावीक मोठ्या ग्रंथालयांकडे प्रत्येक अंक पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे, म्हणून शोधणाऱ्याला अखेर काहीतरी सापडते. पण सांगलीच्या पुराचा वृत्तान्त वाचण्यासाठी सांगलीच्या मुलाने मुंबई गाठावी, ही आपली उणीव आहे. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थेची पुस्तके पाण्यात गेली, तेव्हा शहर हळहळले. आम्ही मात्र आमचे अंक कोरड्या कपाटातून काढून स्वतःच्या हाताने दिले होते.

फोन आणि वृत्तपत्र यांच्या वेळेतील अंतराचा आणखी एक अनुभव सांगतो, कारण तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. ते विजापूरहून पंढरपूरकडे निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. मारहाणीची चित्रफीत वसतिगृहात संध्याकाळीच पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी जत भागातली चार-पाच मुले दार उघडण्याआधीच वाचनकक्षाबाहेर उभी होती. कितीतरी वर्षांनी मी ते दृश्य पाहिले. चित्रफीत त्यांनी रात्रभर पाहिली होती, आता त्यांना कळायला हवे होते की ते साधू कोण होते आणि गावाचे पुढे काय होणार. चित्रफितीत हे नव्हते. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी पाच जणांचा जीव गेला होता. त्यानंतरच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा जास्त पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. संदेशावर दिसणारे दुहेरी बाण त्याचीच खूण आहेत. मी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला ते दुहेरी बाण फळ्यावर काढून दाखवतो. बाणांचा अर्थ ‘हे खोटे आहे’ असा नाही, ‘हे तुला ज्याने पाठवले त्याने लिहिलेले नाही’ असा आहे.

त्याच तासाला मी शेवटच्या पानाच्या तळाची बारीक अक्षरांतली ओळही वाचायला लावतो. मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचे ठिकाण आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणाची, हे तिथे छापलेले असते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने ही नावे छापणे बंधनकारक केले. आता त्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. बहुतेक मुलांनी ती ओळ कधी वाचलेली नसते. बातमी चुकली तर दाद मागायला एक नाव आणि एक पत्ता आहे, ही गोष्ट त्यांना त्या ओळीवरून प्रथमच समजते.

याचा अर्थ छापलेले सारे शुद्ध असते असा मुळीच नाही, आणि विद्यार्थ्यांना तसे सांगणे ही त्यांची फसवणूक होईल. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर गाजला, त्यात महाराष्ट्राचे नाव पुढे होते, आणि प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाची त्यासंबंधीची चौकशी २०१० मध्ये समोर आली. आजही बातमीसारखी मांडणी केलेल्या पुरवण्यांवर कोपऱ्यात ‘जाहिरात’ असा बारीक शब्द असतो. तो शोधायला लावणे हा चांगला पाठ आहे. गावोगावच्या गटांत फिरणारा मजकूर जसाच्या तसा उचलून छापल्याचीही उदाहरणे माझ्या कात्रणवहीत आहेत. म्हणूनच एकच वृत्तपत्र ठेवणे पुरेसे नाही. दोन वेगळ्या धोरणांची स्थानिक वृत्तपत्रे शेजारी ठेवली, की ऊसदराच्या आंदोलनाची एकच बातमी दोन ठिकाणी कशी वेगळी दिसते, हे मुले आपोआप पाहतात आणि त्यावर बोलू लागतात.

समितीला आकडे हवे असतील तर सर्वेक्षण जरूर करावे, पण नेहमीच्या प्रश्नावलीने करू नये. ‘आपण दररोज वृत्तपत्र वाचता का?’ असा प्रश्न ग्रंथपालाने विचारला की मुले आदराने ‘होय’ लिहितात, आणि मित्राने विचारला की ‘कोण वाचतं आता?’ म्हणतात. दोन्ही उत्तरे निरुपयोगी आहेत. त्याऐवजी विद्यार्थ्याला गेल्या दोन दिवसांत कळलेल्या तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात, आणि प्रत्येकीपुढे ती प्रथम कुठे कळली, कोणाकडून कळली, ती खरी आहे का हे कुठे पाहिले, आणि त्यावरून काही केले का, एवढे लिहून घ्यावे. एक आठवडा अशी नोंद ठेवायला पन्नास मुले तयार झाली तरी पुष्कळ आहे. गावाकडून येणारी, वसतिगृहातली आणि शहरात राहणारी मुले त्यात असावीत, कारण ज्याच्या घरी किंवा गावातल्या चहाच्या हॉटेलात पेपर येतो, त्याचे वाचन आपल्या स्टँडवर दिसत नाही. ‘खरे आहे का हे कुठे पाहिले’ हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो बहुधा रिकामा येतो, आणि आपल्याला काय करायचे आहे ते त्या रिकाम्या रकान्यात दिसते.

खर्चाचे म्हणाल तर एका अंकाचे सहा रुपये धरले, तरी एका दैनिकाचे वर्षाचे बिल साधारण दोन हजारांच्या आसपास जाते. सात वृत्तपत्रे बंद करून वाचणारे पैसे स्क्रीनच्या किमतीपुढे फार नाहीत, आणि स्क्रीनवर एका वेळी एकच पान दिसते, तेही लावणाऱ्याच्या पसंतीचे. माझा सल्ला असा की ज्या दोन-तीन वृत्तपत्रांत एकाच विचाराच्या त्याच बातम्या येतात त्यांतले एक ठेवावे, मुंबई-पुण्याच्या आवृत्त्या हव्या असतील तर त्या ई-पेपरवर पाहाव्यात, आणि छापील स्वरूपात दोन सांगली आवृत्त्या, एक इंग्रजी राष्ट्रीय दैनिक, एक अर्थविषयक दैनिक, रोजगार समाचार व लोकराज्य एवढे नक्की ठेवावे. ई-पेपरच्या भरवशावर जुने अंक टाकून देऊ नयेत. आज मोफत दिसणारा मागचा अंक उद्या दिसेल याची हमी आपल्या हातात नसते.

कात्रणे हा शब्द ऐकून समितीतले तरुण प्राध्यापक कदाचित हसतील, पण आमच्याकडे सर्वांत जास्त हाताळल्या जाणाऱ्या फाइली कात्रणांच्याच आहेत. महापूर, हळद, द्राक्ष, ऊसदर, टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना, शिवाजी विद्यापीठ, शिष्यवृत्ती, असे विषय आम्ही ठेवतो. मामा रोज दुपारी आदल्या दिवशीच्या अंकातून बातमी कापतात, कोऱ्या कागदावर चिकटवतात आणि वर लाल शाईने वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान लिहितात. दुष्काळी भागातली मुले म्हैसाळ योजनेची फाइल उघडतात, तेव्हा आपल्या गावात पाणी येणार असे किती वेळा छापून आले आणि प्रत्यक्षात ते कधी आले, हे त्यांना एका बैठकीत वाचता येते. फोनवर त्यांनी यातली प्रत्येक बातमी कधी ना कधी पाहिलेली असते, पण एकापुढे एक अशी कधीच नाही.

याच्या जोडीला दारात एक फळा लावला आहे. फोनवर आलेली आणि शंका वाटणारी गोष्ट विद्यार्थी त्यावर खडूने लिहितो, आणि दुसरा कोणी तिच्याखाली संबंधित कात्रण किंवा सरकारी संकेतस्थळाची छापील प्रत टाचणीने लावतो. केंद्र सरकारशी संबंधित दावा असेल तर पीआयबीच्या, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, तथ्य-तपासणी विभागाचे पान पाहायला सांगतो. कोणी लिहिले हे विचारत नाही. सुरुवातीला दोन महिने फळा कोराच होता. मग ‘बसचा पास बंद होणार?’ असे कोणीतरी लिहिले, आणि तेव्हापासून तो क्वचितच कोरा राहतो.

आपली बैठक जवळ आली असेल आणि यातले सगळे लगेच जमणार नसेल, तर निदान एक करावे. या महिन्याचा रद्दीवाला येण्याआधी दोन्ही सांगली आवृत्त्यांचे अंक बाजूला काढावेत, महिन्याप्रमाणे गठ्ठे बांधून त्यांवर जाड अक्षरांत महिना आणि वर्ष लिहावे, आणि ते तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवावेत.